मोगलीच्या जंगलातले आवाज

रुडयार्ड किपलिंगच्या 'द जंगल बुक'मधले मोगलीचे जंगल मध्य प्रदेशातल्या सिवनीच्या डोंगरांत आहे. शेरखानचा ठिय्या तिथून वीस मैलांवर, वैनगंगेच्या काठी, हे पहिल्याच कथेत येते. ही वैनगंगा सिवनी जिल्ह्यातच उगम पावते आणि पुढे गोंदिया, भंडारा करत गडचिरोलीकडे उतरते. याच मुलखातले पेंचचे राखीव रान तर सिवनी, छिंदवाडा आणि नागपूर अशा तीन जिल्ह्यांत पसरलेले आहे. इतका नेमका पत्ता असूनही या जंगलाची जगभर ओळख झाली ती पुस्तकापेक्षा पडद्यावरून. आणि पडद्यावर त्याने दर वेळी बनवणाऱ्या देशाचे वळण उचलले. कॅलिफोर्नियात ते जॅझ गाऊ लागले, मॉस्कोत लढाईला उभे राहिले आणि दूरदर्शनवर हिंदीत बोलू लागले.

पुस्तकातला प्राणी वाचकाच्या मनात वाचकाच्याच आवाजात बोलतो. कार्टूनमध्ये त्याच्यासाठी माणूस नेमावा लागतो. बाई की पुरुष, साहेबी थाटाचा की गल्लीतला, कुठल्या हेलाचा, हे ध्वनिमुद्रणाआधी ठरवावे लागते. प्राणिकथांच्या चित्रपटांत कुणाला कसे दाखवले, हा वाद वरवर रंगरूपाचा दिसतो. त्याची मुळे बहुतेक वेळा या नेमणुकीत सापडतात. मोगलीच्या कथांचे दीडेक डझन तरी पडद्यावरचे अवतार झाले असल्याने ही नेमणूक कशी बदलत गेली हे त्यांच्यात चांगले पाहायला मिळते.

किपलिंगचा जन्म ३० डिसेंबर १८६५चा, मुंबईतल्या जे. जे. कलाशाळेच्या आवारातला, वडील जॉन लॉकवुड किपलिंग तिथे शिल्पकला शिकवत. सांभाळणारी आया रोमन कॅथलिक, त्या काळच्या भाषेत 'पोर्तुगीज', म्हणजे बहुधा गोव्याकडची. दुपारी झोपवताना आया आणि नोकर देशी भाषेत गोष्टी सांगत. मग आईवडिलांसमोर जाताना आता इंग्रजीत बोल, अशी आठवण या मुलाला करून द्यावी लागे. पाचव्या वर्षी त्याला इंग्लंडला पाठवले. १८८२ मध्ये तो लाहोरला वार्ताहर म्हणून परतला आणि १८८९ मध्ये त्याने हिंदुस्थान सोडला. मोगलीच्या कथा त्यानंतरच्या आहेत. अमेरिकेतल्या व्हरमाँट राज्यात, खिडकीपर्यंत बर्फ चढलेल्या घरात त्या लिहिल्या गेल्या. पहिला भाग १८९४चा, दुसरा १८९५चा. सिवनीला किपलिंग कधी गेला नाही. रॉबर्ट स्टर्नडेलचे सातपुड्यातल्या शिकारछावण्यांवरचे १८७७चे पुस्तक, लांडग्यांनी वाढवलेल्या मुलांविषयी कर्नल स्लीमनने करून ठेवलेल्या नोंदी आणि वडिलांकडून ऐकलेली माहिती हे त्याचे भांडवल.

नावे मात्र त्याने अस्सल उचलली. भालूवरून बालू, बघेऱ्यावरून बघीरा, हाथी, चील, बंदरलोग. 'मोगली' हे नाव त्याने स्वतः रचले; कथेत त्याचा अर्थ बेडूक असा सांगितला असला, तरी असा शब्द आपल्याला माहीत असलेल्या कुठल्याच भाषेत नाही हे त्यानेच नंतर नोंदवले. पहिल्या अक्षराचा उच्चार इंग्रजीतल्या गाईसारखा, म्हणजे 'माउ', करावा असे त्याचे म्हणणे होते. भारतात ते कुणी मनावर घेतले नाही आणि मुलगा मोगलीच राहिला. प्राण्यांच्या तोंडी त्याने जुन्या इंग्रजीतले 'तू' घातले, कारण हिंदुस्थानी बोलीतला तू-तुम्हीचा फरक त्याला इंग्रजीत आणायचा होता. म्हणजे हे प्राणी मुळातच अनुवादित भाषेत बोलतात.

पुस्तकातली जंगलाची वर्गवारीही निर्मळ नाही. कायदा पाळणारे लांडगे वर, कायदा नसलेली, नुसती बडबड करणारी माकडे खाली. दुसऱ्या भागात गावकरी मोगलीला मुलगा मानणाऱ्या मेसुआला चेटकीण ठरवून तिला नवऱ्यासकट जाळायला निघतात, तेव्हा ती दोघे इंग्रजांचा न्याय मागायला कान्हीवाड्याची वाट धरतात. सर्वात आधी लिहिलेल्या, १८९३ मध्ये छापल्या गेलेल्या कथेत तर मोगली मोठा झालेला आहे आणि सरकारी जंगल खात्यात चाकरी पत्करतो, पेन्शनच्या आश्वासनासकट. लांडग्यांचे दूध प्यालेला मुलगा शेवटी फॉरेस्ट गार्ड झाला, ही गोष्ट पडद्यावर आणावी असे आजवर कुणाला फारसे वाटलेले नाही.

वॉल्ट डिस्नेच्या स्टुडिओने साठीच्या दशकाच्या आरंभी हे पुस्तक हाती घेतले. बिल पीट या कथाकाराने तयार केलेला पहिला आराखडा मूळ कथेच्या जवळचा, काळोखा होता. डिस्नेला तो रुचला नाही, दोघांत बिनसले आणि पीट बाहेर पडला. पुढच्या लेखकाला डिस्नेने पुस्तक दिले आणि पहिली गोष्ट म्हणजे ते वाचायचे नाही, असे बजावले, हा किस्सा त्या स्टुडिओत वर्षानुवर्षे सांगितला जाई. वूल्फगांग रायटरमनने दिग्दर्शित केलेला हा चित्रपट १८ ऑक्टोबर १९६७ रोजी लागला. डिस्ने त्याआधी दहा महिने वारला होता.

या चित्रपटाने प्राण्यांचे स्वभाव लिहिण्याआधी आवाज शोधले आणि आवाजावरून प्राणी घडवले. शेरखानसाठी जॉर्ज सँडर्स घेतला, इंग्लिश उच्चभ्रू उच्चारांचा, आळसावलेला खलनायक. वाघाची जिवणी आणि भुवया त्याच्याच चेहऱ्यावरून बेतल्या. बालूसाठी फिल हॅरिस हा रेडिओवरचा गमत्या गायक आला आणि पुस्तकातला कडक शिस्तीचा, मोगलीला पंजाने चोपणारा मास्तर एकदम निवांत बेफिकीर गडी झाला. हत्ती ब्रिटिश फौजेचे कर्नल झाले. गिधाडांना लिव्हरपूलचे हेल आणि बीटल्ससारखी केसांची झुलपे मिळाली. जंगल हिंदुस्थानातले, पण त्यात भारतीय हेल एकाचाही नाही. मोगलीसुद्धा दिग्दर्शकाच्या मुलाच्या, ब्रूसच्या, अमेरिकन आवाजात बोलतो. १९६७च्या अमेरिकेत हे कुणाला खटकले नाही, कारण तिथल्या प्रेक्षकाच्या लेखी 'कुठलाच हेल नाही' म्हणजे अमेरिकन हेल.

खटकला तो किंग लुई. किपलिंगच्या माकडांना राजा नाही, तोच तर त्यांचा दोष. डिस्नेने त्यांना राजा दिला आणि तो ओरँगउटान निवडला, जो भारतात सापडतच नाही, सुमात्रा-बोर्निओचा. या राजाला माणसासारखे व्हायचे आहे, त्यासाठी अग्नी हवा आहे आणि तो हे सगळे स्विंग-जॅझच्या ठेक्यावर मागतो. ज्या दशकात अमेरिकेतले काळे नागरिक समान हक्कांसाठी रस्त्यावर उतरले होते, त्या दशकात काळ्यांच्या संगीतावर नाचणारे वानर 'मला तुमच्यासारखे होऊ द्या' म्हणते, यातला अर्थ समीक्षकांनी वाचला. स्टुडिओला तो अगदीच दिसला नव्हता असेही नाही. या भूमिकेसाठी आधी लुई आर्मस्ट्राँगचे नाव निघाले होते, पण काळ्या कलावंताला वानराचा आवाज द्यायला लावले तर गहजब होईल म्हणून ते मागे पडले, असे गीतकार रिचर्ड शर्मनने पुढे सांगितले. मग न्यू ऑर्लीन्सचा इटालियन वंशाचा गायक लुई प्रिमा आला. गायक गोरा घेतल्याने प्रश्न सुटला असे स्टुडिओने मानले. वस्तुतः प्रश्न अधिक अवघड झाला, कारण शैली काळ्यांची राहिली आणि मेहनताना मात्र त्यांच्याकडे गेला नाही. १९४१च्या 'डम्बो'मधल्या कावळ्यांबाबतही हेच घडले होते. त्यांच्या म्होरक्याचा आवाज क्लिफ एडवर्ड्स या गोऱ्या गायकाचा, बोलण्याची ढब काळ्यांची. २०२० मध्ये डिस्नेच्या स्वतःच्या वाहिनीवर 'डम्बो' आणि 'जंगल बुक' या दोन्हींआधी चुकीच्या चित्रणाबद्दलची सूचना दाखवली जाऊ लागली.

एवढे असूनही किंग लुईचे गाणे चित्रपटातला सर्वात जिवंत तुकडा आहे, हे नाकारण्यात अर्थ नाही. प्रिमा आणि त्याची वाद्यमंडळी स्टुडिओत एकामागे एक रांगेने नाचत वाजवत फिरली आणि चित्रकारांनी माकडांच्या हालचाली त्यावरून घेतल्या. ऊर्जा खरी आहे, म्हणून तर वाद पन्नास वर्षे टिकला. रटाळ गाण्यावर कुणी भांडत नाही.

वानरराजावर एवढी शाई खर्च झाली की त्याच चित्रपटातल्या बायकांकडे फारसे लक्ष गेले नाही. पुस्तकात शेरखान गुहेच्या तोंडाशी येऊन मूल मागतो तेव्हा लांडगा नव्हे, लांडगीण पुढे होते. आपण राक्षा आहोत, तुझी शिकार एक दिवस हाच मुलगा करील, असे ती वाघाला ठणकावते आणि वाघ मागे सरतो. डिस्नेच्या चित्रपटात ती मुकी आहे. बोलणाऱ्या स्त्रिया दोनच उरतात, एक कर्नल हत्तीची बायको आणि दुसरी शेवटी येणारी पाणवठ्यावरची मुलगी. ती घडा भरताना गुणगुणते त्याचा आशय असा की बाप शिकारीला जातो, आई रांधते, आपण पाणी आणतो. पुढे आपले लग्न होईल आणि मग आपली मुलगी पाण्याला जाईल. घडा मुद्दाम सांडला जातो, मोगली तो उचलतो, भरतो आणि डोक्यावर घेऊन तिच्यामागे गावात शिरतो. चित्रपटात तिला नावही नाही. 'शांती' हे नाव तिला पुढे मिळाले आणि २००३च्या 'जंगल बुक २'मध्ये ती त्याच नावाने कथेच्या मध्यभागी आली.

ज्या वर्षी डिस्नेचा चित्रपट लागला त्याच वर्षी मॉस्कोच्या सोयुझमुल्टफिल्म स्टुडिओने 'माउग्ली'चा पहिला भाग काढला आणि त्याचे नाव ठेवले 'राक्षा'. दिग्दर्शक रोमान दावीदोव. १९७१ पर्यंत पाच भाग झाले आणि १९७३ मध्ये ते जोडून पूर्ण लांबीचा चित्रपट केला गेला. संगीत सोफिया गुबायदुलिनाचे. पुढे ती विसाव्या शतकातल्या मोठ्या संगीतकारांत गणली गेली. नाचगाण्यांचा इथे पत्ता नाही. कडक रेषांचे, सावल्यांचे जंगल, सडपातळ स्नायूंचा, मोठा होत जाणारा मोगली आणि मोजके बोलणे. डिस्नेने गमतीदार खलनायक करून टाकलेला का अजगर इथे पुस्तकातल्यासारखा जुनाजाणता मित्र आहे.

चौथा भाग रानकुत्र्यांच्या लढाईचा. किपलिंगने या तांबड्या कुत्र्यांचा लोंढा दख्खनकडून सिवनीवर चालून येताना दाखवला आहे. विदर्भात त्यांना कोळसून म्हणतात आणि पेंच-ताडोब्यात ते आजही दिसतात. पुस्तकातला हा सर्वात रक्तरंजित प्रसंग डिस्नेने वगळला. दावीदोवने त्याचा पूर्ण भाग केला. बाहेरून आलेल्या टोळधाडीपुढे आपली भूमी न सोडता उभा राहिलेला कळप पाहताना १९७०च्या सोव्हिएत प्रेक्षकाला पंचवीस वर्षांपूर्वीचे महायुद्ध न आठवणे अवघड होते. दख्खनच्या वाट्याला मात्र यात आक्रमकाची भूमिका आली, आणि याचा राग मराठी वाचकांनी कधी धरलेला दिसत नाही.

रशियन बघीरा स्त्री आहे. ल्युदमिला कसात्किना या अभिनेत्रीने तिला मऊ, आळोखेपिळोखे देणारा आवाज दिला आणि रशियात वाढलेल्या पिढ्यांना बघीरा पुरुष असल्याचे सांगितले तर ते खरे वाटत नाही. यामागे स्त्रियांना जागा देण्याचा विचार नव्हता, व्याकरण होते. रशियनमध्ये 'पान्तेरा' हा शब्द स्त्रीलिंगी, म्हणून अनुवादांतच बघीरा बाई झाली होती. चित्रपटाने ती तशीच घेतली. व्याकरणाचा हा खेळ मराठीत मांडून पाहिला तर जंगलाची घडीच बदलते. बिबट्या पुल्लिंगी, म्हणून बघीरा पुरुष राहतो. पण किपलिंगचा चील मराठीत घार होऊन बाई होतो, आणि अस्वल नपुंसकलिंगी असल्याने बालूला 'ते' म्हणावे लागते. कुठल्या प्राण्याला कुठले लिंग 'नैसर्गिक' वाटते हे पुष्कळदा भाषेने आधीच ठरवून टाकलेले असते.

जाणूनबुजून केलेला बदल त्याच स्टुडिओच्या आधीच्या एका लघुपटात सापडतो. 'रिक्की-टिक्की-टावी' ही मुंगसाची कथा 'जंगल बुक'मध्येच आहे. घडते सुगौलीच्या छावणीतल्या बंगल्यात, इंग्रज कुटुंबाच्या घरी. १९६५च्या सोव्हिएत लघुपटात अलेक्सांद्रा स्नेझ्को-ब्लोत्स्कायाने मुंगूस, नाग, नागीण सगळे ठेवले आणि इंग्रज कुटुंबाच्या जागी भारतीय कुटुंब बसवले. कथेला त्यामुळे काहीच धक्का लागला नाही. साहेबाच्या मुलाला वाचवणारे इमानी देशी जनावर, हा त्यातला अर्थ फक्त गळून पडला. १९७५ मध्ये अमेरिकेत चक जोन्सने हीच कथा ऑर्सन वेल्सच्या निवेदनासह केली तेव्हा इंग्रज कुटुंब परत आले. जोन्सने पुढच्याच वर्षी 'मोगलीज ब्रदर्स' केला. तो मूळ पुस्तकाशी डिस्नेपेक्षा कितीतरी प्रामाणिक आहे. राक्षाला तिथे जून फोरेचा आवाज आणि तिचे तेज दोन्ही मिळाले.

या सगळ्या काळात भारतात प्राणिकथांचे कार्टून होत नव्हते असे नाही. १९३४ मध्येच प्रभात फिल्म कंपनीने 'जंबू काका' हा कोल्ह्यावरचा कार्टूनपट काढला होता. १९५६ मध्ये मुंबईच्या फिल्म्स डिव्हिजनमध्ये कार्टून विभाग उभा राहिला तेव्हा शिकवायला आला तो क्लेअर वीक्स, डिस्नेच्या 'बॅम्बी'वर काम केलेला चित्रकार. त्याचे आईवडील भारतात मिशनरी होते. त्याच्या हाताखाली, जी. के. गोखले यांच्या सहभागाने, १९५७ मध्ये 'द बनियन डिअर' झाला, जातककथेतल्या हरणांच्या राजाचा. हरणांचे डोळे 'बॅम्बी'च्या घराण्यातले आणि गोष्ट अडीच हजार वर्षांच्या परंपरेतली, असे त्याचे रूप आहे.

घराघरांत पोचला तो मात्र १९७४चा 'एक अनेक और एकता'. विजया मुळे यांच्या दिग्दर्शनाखालचा, भीमसैन यांच्या चित्रांचा हा सात-आठ मिनिटांचा लघुपट दूरदर्शनवर इतक्या वेळा लागला की त्याचे शब्द दोन पिढ्यांना पाठ आहेत. संगीत वसंत देसाई यांचे आणि गाणाऱ्या मुलीचा आवाज साधना सरगम यांचा. मध्यभागी पंचतंत्र-हितोपदेशातली ओळखीची गोष्ट आहे. जाळ्यात सापडलेले पक्षी जाळ्यासकट उडतात आणि उंदीर ते कुरतडून त्यांना सोडवतात. देशातल्या विविधतेचा धडा द्यायला इथे प्राणिकथा वापरली, पण पक्ष्यांना प्रांताप्रांताचे फेटे-पागोटी चढवली नाहीत. विविधता कथेबाहेरच्या मुलांत ठेवली आणि पक्षी पक्षीच राहिले. सरकारी संदेशपटाकडून असा संयम अपेक्षित नसतो.

मोगली भारतीय मुलांना खऱ्या अर्थाने भेटला तो जपानमार्गे. निप्पॉन ॲनिमेशनने फुमियो कुरोकावाच्या दिग्दर्शनाखाली ५२ भागांची मालिका केली आणि ती १९८९-९० मध्ये जपानी दूरचित्रवाणीवर चालली. तिच्यात का अजगर मित्र आहे, लांडग्यांचे कुटुंब भरलेले आहे आणि किची नावाचा लाल पांडाही आहे, जो खरे तर पूर्व हिमालयातला. ओरँगउटानाइतकीच ही चूक, पण किचीवर कुणी रागावले नाही, कारण त्याच्यामागे कुठल्या माणसांची नक्कल नव्हती. १९९३ मध्ये ही मालिका हिंदीत दूरदर्शनवर आली. शीर्षकगीत गुलजार यांचे, संगीत विशाल भारद्वाज यांचे. त्या गाण्याने 'चड्डी' हा घरातला शब्द राष्ट्रीय वाहिनीवर नेऊन बसवला. किपलिंगचा मोगली रानात नागडा असतो आणि मेसुआने नेसवलेले कापड त्याला काचते. पडद्याने त्याला पहिल्यापासून लंगोटी दिली होती, गुलजार यांनी तिला नाव दिले.

त्या मालिकेतल्या शेरखानचा आवाज नाना पाटेकर यांचा होता. मुरुड-जंजिऱ्याच्या या नटाच्या हिंदीला मराठी धार आहे, आणि तो कडाकडा तुटणारा, शब्द चावत बोलणारा वाघ सँडर्सच्या साहेबी शेरखानपासून सर्वस्वी वेगळा होता. सँडर्सचा वाघ रागावत नाही, कारण त्याला रागावण्याची गरज नाही. पाटेकरांचा वाघ सतत चिडलेला असतो, डावलला गेल्यासारखा. किपलिंगच्या शेरखानला हेच जास्त जुळते. त्याला जन्मापासून लंगडेपण आहे, आईच त्याला लंगडी म्हणते, आणि धावत्या शिकारीमागे जाता येत नाही म्हणून तो गुरे मारतो. जायबंदी वाघ माणसावर का येतो हे जिम कॉर्बेटने १९४४ मध्ये 'कुमाऊंचे नरभक्षक'मध्ये साधार मांडले. किपलिंगच्या कथेत त्याचे बीज आहे. डिस्नेने लंगडणे काढून वाघाला देखणा केला. २०१६ मध्ये त्याला भाजलेला चेहरा आणि गेलेला डोळा मिळाला. व्यंग परत आले, पण भीती वाटावी म्हणून. पुस्तकात ते वाघाच्या वागण्याचे कारण आहे.

२०१० मध्ये हैदराबादच्या डीक्यू एंटरटेनमेंटने युरोपीय भागीदारांबरोबर संगणकी 'जंगल बुक' मालिका काढली, म्हणजे कथा जिथली त्या देशातल्या हातांनी ती घडू लागली. जॉन फाव्रोच्या २०१६च्या चित्रपटात मोगली झालेला नील सेठी सोडला तर जवळजवळ सगळे संगणकावर उभे केलेले. चित्रीकरण लॉस एंजेलिसमध्ये झाले आणि प्राण्यांच्या निर्मितीत बंगळुरूच्या स्टुडिओतल्या कलाकारांचाही हात होता. किंग लुईचा प्रश्न तिथे प्राणिशास्त्राने सोडवला. ओरँगउटान भारतात नाही म्हणून तो जायगँटोपिथेकस, एक लुप्त झालेला महावानर, झाला आणि त्याचा आवाज ख्रिस्तोफर वॉकेनचा, न्यूयॉर्कच्या गुंडाच्या ढबीचा. राक्षा बोलू लागली, ल्युपिता न्यॉन्गोच्या आवाजात. का अजगर बाई झाली. पण स्त्रियांची संख्या वाढवताना जी भूमिका हाताशी आली ती भुलवून गिळणाऱ्या सापाची होती, हे दुर्लक्षिण्याजोगे नाही. हा चित्रपट भारतात अमेरिकेच्या एक आठवडा आधी, ८ एप्रिल २०१६ रोजी लागला. हिंदीत ओम पुरी बघीरा, इरफान खान बालू, प्रियांका चोप्रा का, शेफाली शाह राक्षा आणि शेरखान पुन्हा नाना पाटेकर. त्या हिंदी मालिकेचे तेवीस वर्षांपूर्वीचे रविवार आठवणारे आईबाप मुलांना घेऊन गेले ते निदान काही अंशी या एका आवाजासाठी. दोन वर्षांनी अँडी सर्किसच्या 'मोगली'तही हिंदी आवाजांची तशीच फळी होती. जॅकी श्रॉफ शेरखान आणि माधुरी दीक्षित निशा ही लांडगीण.

प्राण्यांच्या आवाजांची वाटणी अशी बदलत गेली. सिवनीतल्या माणसांची जागा फारशी बदलली नाही. गाव बहुतेक चित्रपटांत शेवटी दिसणारे दिवे, कुंपण आणि विस्तव एवढेच असते. या मुलखात पिढ्यान्‌पिढ्या राहणारे गोंड तर डिस्ने, दावीदोव, जोन्स आणि फाव्रो या चौघांपैकी कुणाच्याच चित्रपटात नाहीत. पुस्तकात ते आहेत. दुसऱ्या भागात मोगली हत्तींकरवी गावाच्या शेतांची नासाडी करवतो आणि घाबरलेले गावकरी जवळच्या गोंडांच्या मुखियाला बोलावतात. जुने देव कोपले का, बळी काय द्यावा, असे त्याला विचारतात. तो हातात धनुष्य घेऊन, बुचड्यात विषारी बाण खोचून एका पायावर उभा असतो. बोलत काहीच नाही. रानकारल्याचा एक वेल उचलतो, देवळाच्या दारावर, शेंदरी मूर्तीच्या समोर आडवातिडवा विणतो, हाताने कान्हीवाड्याच्या वाटेकडे हवा लोटल्याची खूण करतो आणि रानात निघून जातो. लांडग्यापासून साळिंदरापर्यंत सगळे बोलतात अशा पुस्तकात या प्रसंगी गप्प राहणारा तो एकटाच.

गोंडांकडून या पुस्तकाला उत्तर आले ते चित्रांतून, हलत्या नव्हे. सिवनीपासून फार दूर नसलेल्या पाटणगढचे परधान गोंड चित्रकार भज्जू श्याम लंडनला एका उपाहारगृहाच्या भिंती रंगवायला गेले होते. परतल्यावर त्यांनी त्या शहराचे जंगल करून काढले आणि चेन्नईच्या तारा बुक्सने २००४ मध्ये ते 'द लंडन जंगल बुक' या नावाने छापले. त्यात विमान म्हणजे उडणारा हत्ती आहे, बिग बेन म्हणजे कोंबडा, भुयारी रेल्वे म्हणजे गांडूळ, आणि रोज वेळेवर येऊन कामावर नेणारी ३० नंबरची बस म्हणजे इमानी कुत्रा.